परक्याशी थट्टा आणि परक्याशी वाद

थट्टा ही जवळिकीची खूण आहे असे सामान्यतः मानले जाते. ज्याच्याशी आपले काही नाते आहे, स्नेह आहे, निदान उठबस आहे, त्याचीच थट्टा करावयाची. अनोळखी माणसाशी बोलताना जीभ आवरून धरावयाची, अशी शिष्टाचाराची शिकवण आहे. वादासंबंधीही लोकमत असेच आहे. मतभेद मित्रांत खपतो, परक्याशी त्याचे भांडण होते. असे असूनही बाजारात, जत्रेत, धर्मशाळेत, आगगाडीच्या डब्यात आणि फडाच्या मांडवात एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली माणसे तासन् तास एकमेकांची टिंगल करतात, वाद घालतात, आणि बहुधा हसतमुखाने पांगतात. हे कसे घडते, कोणत्या आधारावर घडते, आणि तो आधार कोठे निखळतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील शहागंज हा भाग या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. 1610 साली मलिक अंबराने खडकी या नावाने वसविलेल्या या नगरात मोगल काळात ज्या पेठा वाढल्या, त्यांपैकी शहागंज ही मोठ्या चौकाची पेठ. चौकातील मशीद 1720 च्या सुमाराची. ती उंच जोत्यावर उभी असून त्या जोत्याच्या तीन बाहेरील बाजूंना दुकाने काढलेली आहेत. म्हणजे वर प्रार्थना आणि खाली क्रयविक्रय, अशी वास्तूचीच योजना आहे. येथील हौदाचे काम दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्या कारकिर्दीत सुरू झाल्याचा उल्लेख इतिहासकार खाफी खान करतो. जेथे पाणी तेथे माणसे, आणि जेथे माणसे तेथे बाजार, हा क्रम येथेही दिसतो. पुढे निजामाच्या राजवटीत घड्याळाचा मनोरा आला, स्वातंत्र्यानंतर गांधीजींचा पुतळा आला. कापड, भाजी, फळे, भांडी व जुना माल यांच्या निमित्ताने शहरातील सर्व जमातींचे लोक आणि पैठण, फुलंब्री, खुलताबाद या बाजूंचे खेडूत या चौकात एकत्र येतात. यांतील बहुतेक एकमेकांना परके असतात.

या परक्यांची बोलण्याची भाषा प्रथम पाहण्यासारखी आहे. मराठी बोलणारा आणि दखनी बोलणारा यांच्यामध्ये तेथे दुभाष्याची गरज पडत नाही. दखनीने मराठीतील ‘नको’ हा निषेध ‘नक्को’ म्हणून उचललेला आहे, आणि मराठीचा निश्चयार्थक ‘च’ तर तिने आपल्या क्रियापदांना आणि सर्वनामांना सर्रास जोडून घेतला आहे. उलट बाजूने मराठवाड्याच्या मराठीत उर्दू-फारसी शब्द इतके मुरलेले आहेत की बोलणाऱ्याला ते परके वाटतही नाहीत. एखाद्या भाषेचे नाम घेणे सोपे असते, कारण वस्तूबरोबर तिचे नाव येते. अव्यय मात्र वस्तूबरोबर येत नाही. ते घासाघिशीतून, नाकारण्यातून, आग्रहातून, म्हणजे प्रत्यक्ष वादातूनच येते. ‘नको’ आणि ‘च’ ही दोन्ही वाद घालणाऱ्याची हत्यारे आहेत, आणि नेमकी तीच सरहद्द ओलांडून गेली, हे अर्थपूर्ण आहे.

दुसरी लक्षणीय गोष्ट संबोधनांची. बाजारातील परका हा ‘अहो गृहस्थ’ या संबोधनाने क्वचितच हाक मारला जातो. तो मामा असतो, मामू असतो, काका, चाचा, दादा, भाई असतो; ती मावशी, ताई, खाला, आपा असते. हाक मारणारा पहिल्याच शब्दात समोरच्याला आपल्या घरातील एका जागी नेऊन बसवितो आणि त्या जागेला जेवढी थट्टा शोभेल तेवढीच करतो. ‘मावशी, हा भाव सोन्याचा की वांग्याचा?’ हे वाक्य संबोधन काढून टाकले तर उर्मट वाटेल. संबोधनासह ते लाडिक तक्रार होते, आणि मावशीलाही भाच्याला शोभेल असे टोचून उत्तर देण्याची मोकळीक मिळते.

मानववंशशास्त्रात ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली मांडलेली परिहाससंबंधांची कल्पना येथे उपयोगी पडते. काही नात्यांत थट्टा करण्याची नुसती परवानगी नसते, तर तशी अपेक्षाच असते, आणि जिची थट्टा होते त्या व्यक्तीने राग मानावयाचा नसतो. विवाहामुळे दोन कुळे एकाच वेळी जोडली जातात आणि वेगळीही राहतात. या दुहेरी स्थितीतून उद्भवणारा ताण एक तर अतिशय आदराने किंवा अतिशय सलगीने सांभाळावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रात जावई आणि सासू यांच्यामध्ये अदब, तर मेहुणा-मेहुणी आणि दीर-भावजय यांच्यामध्ये थट्टा, ही वाटणी सर्वांच्या परिचयाची आहे. लग्नातील विहिणीच्या गाण्यांत वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांची जी उणीदुणी काढतात, ती दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी काढली तर सोयरीक मोडेल.

तथापि ही उपपत्ती बाजाराला जशीच्या तशी लावता येत नाही. नात्यातील थट्टेला खऱ्या नात्याचे तारण असते. परक्याशी केलेल्या थट्टेला फक्त मानलेल्या नात्याचे. आणि मानलेले नाते निवडताना एक मोठी सावधगिरी पाळली जाते, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. घरात ज्या नात्याशी सर्वांत अधिक थट्टा चालते, ते मेहुण्याचे. परंतु परक्याला त्या नात्याने हाक मारणे ही थट्टा होत नाही, ती शिवी होते. ‘साला’ या शब्दाचा प्रवासच तसा झालेला आहे. कारण उघड आहे. मेहुणा म्हणताच त्याच्या बहिणीवर अधिकार सांगितला जातो, आणि परक्याच्या बहिणीचा उल्लेख हा परक्याने कधीच करावयाचा नसतो. म्हणून बाजार वैवाहिक नाती टाळतो व रक्ताची नाती घेतो, त्यांतही आईकडची अधिक. मामा आणि मावशी ही लाड करणारी, हक्काने त्रास देण्याजोगी माणसे. ‘मामा बनविणे’ या मराठी वाक्प्रचारात या लाडाची काळी बाजूही नोंदली गेली आहे: ज्याच्यापाशी हट्ट चालतो, त्याला फसविताही येते. गिऱ्हाईक आणि दुकानदार हे दोघेही एकमेकांना मामा म्हणत असतील, तर कोण कोणाला मामा बनवीत आहे हे सौदा संपेपर्यंत सांगता येत नाही!

पैठण या पेठेपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि परक्याच्या थट्टेचा सर्वांत प्रसिद्ध मराठी प्रसंग तेथलाच आहे. संत एकनाथांच्या (1533–1599) चरित्रपरंपरेत तो सांगितला जातो. गावातील रिकामटेकडी मंडळी ज्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची कुचाळी करीत, त्या कुचरओट्यावर एका गरजू परगावच्या ब्राह्मणाला पैज लावण्यात आली: नाथांना राग आणून दाखवावा आणि दोनशे रुपये न्यावेत. तो घरात शिरला आणि सरळ नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. राग आला नाही. मग जेवणाच्या वेळी वाढण्यासाठी वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरच त्याने उडी घेतली. ब्राह्मण पडेल, सांभाळ, असे नाथ म्हणाले. आणि हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे, याला कशी पडू देईन, असे गिरिजाबाईंनी उत्तर दिले.

ही कथा नेहमी नाथांच्या शांतीचे उदाहरण म्हणून सांगतात. थट्टेच्या अभ्यासकाला तिच्यात गिरिजाबाईंचे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटावयास हवे. पाठीवर चढलेला परका पुरुष हा भर पंगतीत केलेला अपमान होता. त्यांनी त्याला हरीच्या, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या, जागी बसविले आणि त्याच क्षणी ते कृत्य बाळखोडी ठरले. बाजारातील मावशी जे सवयीने करते, ते येथे कसोटीच्या प्रसंगी केलेले आहे. आणखी एक बारकावा: डिवचणाऱ्याचा नाथांवर काहीच राग नव्हता. त्याला पैशाची निकड होती आणि ओट्यावरच्यांना करमणूक हवी होती. परक्याला चिडविणारा पुष्कळदा समोरच्याकडे पाहून चिडवीत नसतो. त्याचे लक्ष मागे बसलेल्यांच्या हशाकडे असते.

मागे बसलेल्यांचा हा प्रश्न वादाच्या बाबतीत अधिक बिकट होतो, आणि आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी तो नीट ओळखला होता. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले. सत्यनिर्णयासाठी तो वाद. जयासाठी, छल आणि जाती यांसारखी अस्त्रे वापरून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ती वितंडा. हे वर्गीकरण सर्वश्रुत आहे. त्याहून व्यवहारदृष्टी चरकसंहितेच्या विमानस्थानात आढळते. वैद्याने वैद्याशी करावयाच्या चर्चेचे तेथे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, म्हणजे सलोख्याची आणि झुंजीची, असे दोन प्रकार सांगून लगेच सभेची परीक्षा करण्यास बजावले आहे. सभा जाणत्यांची आहे की अजाणांची, आणि ती आपल्याला अनुकूल आहे, उदासीन आहे की आधीच विरोधात गेलेली आहे, हे पाहून मगच तोंड उघडावे. विरोधात गेलेल्या सभेत कोणाशीही झुंजू नये, असा सल्ला आहे. प्रतिपक्षी कितीही दुबळा असला तरी हा निषेध शिथिल होत नाही. वादाचे भवितव्य वाद घालणाऱ्या दोघांपेक्षा ऐकणाऱ्या तिसऱ्यावर अवलंबून असते, एवढे स्पष्ट विधान इतरत्र सहसा मिळत नाही.

या कसोट्या हाती घेऊन एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ पाहावा. नाथांनी भारुडांतून आणि पत्ररूप रचनांतून लोकव्यवहाराच्या अनेक तऱ्हा उचलल्या. या रचनेत त्यांनी रस्त्यावरचे भांडणच उचलले आहे. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू त्याला विटाळ होईल, दूर हो, असे बजावतो, आणि तेथून जुंपते. तुर्काची भाषा दखनी वळणाची, हिंदूची मराठी. तुर्क ब्रह्मदेवाच्या कन्येविषयीच्या अभिलाषेची कथा काढतो, देवांच्या परस्त्रीगमनाच्या आणि पराभवाच्या कथा काढतो, ब्राह्मणांच्या सोवळ्याओवळ्याची टवाळी करतो. हिंदू विचारतो की ईश्वर सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड करून हाक का मारावी. पशूला मारून स्वर्ग मिळतो तर तो स्वतःला का मिळवून घेऊ नये. आणि हिंदूचा मुसलमान करावयाचा तर त्याला हिंदू म्हणून घडविताना ईश्वर चुकला होता काय. अखेर दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि आलिंगन देतात.

न्यायाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही कथा जल्पाने सुरू होऊन वादात परिणत होते. पण परिणती कशी होते हे पाहणे अगत्याचे आहे. प्रथम, दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचे घर आतून ठाऊक आहे. ज्या तुर्काला पुराणकथा इतक्या तपशिलाने माहीत आहेत, तो परका असला तरी अनभिज्ञ नाही. नेमका उपहास करावयाचा तर दुसऱ्याचे पुष्कळ काही आधी ऐकून घ्यावे लागते. दुसरे, आघात समसमान आहेत. नाथ स्वतः ब्राह्मण, परंतु तुर्काच्या तोंडी त्यांनी सोवळ्यावर जे प्रहार दिले आहेत ते बोथट केलेले नाहीत. किंबहुना त्यांतले काही स्वतः नाथांचेच वाटतात. तिसरे असे की ध्येय एक आणि उपासनेच्या वाटा भिन्न, हा निर्णय रचनेच्या आरंभीच सांगून टाकलेला आहे. श्रोत्याला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे मधल्या शिव्या त्याला ऐकवतात. विहिणीच्या गाण्यांतही हीच सोय असते, कारण लग्न ठरलेले असते.

तथापि या संवादाचा गौरव करताना त्यातील उणीवही सांगितली पाहिजे. दोघांचे शेवटचे ऐक्य अद्वैताच्या परिभाषेत होते. तुर्काने जी संमती दिली, ती त्याच्या स्वतःच्या परंपरेतील शब्दांत क्वचितच उमटली आहे. दक्षिणेत सूफींची मोठी परंपरा असताना आणि खुलताबाद इतके जवळ असताना ते अशक्य नव्हते. भांडण जितके जिवंत आहे तितका समेट नाही, असे म्हणणे नाथांच्या थोरवीला बाधक होऊ नये. आणखी, या संवादाला समोर श्रोते आहेत, परंतु रचनेच्या आत जमाव नाही. तुर्काच्या पाठीशी चार तुर्क किंवा हिंदूच्या पाठीशी चार हिंदू उभे आहेत असे नाथांनी दाखविलेले नाही. ते दाखविले असते तर शेवट तोच राहता काय, हा प्रश्न शहागंजला केवळ वाङ्मयीन नाही. 11 मे 2018 च्या रात्री शहरात जी दंगल उसळली, तिला अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून झालेल्या वादाचे निमित्त सांगितले गेले. मोतीकारंजा, गांधीनगर, राजाबाजार आणि शहागंज या भागांत ती पसरली, दुकाने जळाली आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली. ज्या चौकात रोज मामू आणि मावशी यांची देवघेव चालते, तेथेच हे घडले. बाजारातील थट्टेने सलोखा राखला जातो, अशी सोपी मांडणी करणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. मानलेल्या नात्याला दोन माणसे लागतात; जमाव समोरच्याला हाकच मारीत नाही, तो त्याच्याविषयी घोषणा देतो. चरकाने सांगितलेली विरोधात गेलेली सभा ती हीच, आणि तिच्यापुढे गिरिजाबाईंचे उत्तरही ऐकू जाण्याची शक्यता कमी.

मग ऐकणाऱ्यांच्या गर्दीतच परक्याशी उघड झुंज लावावयाची आणि तरीही ती हाताबाहेर जाऊ द्यावयाची नाही, हे कोणाला साधले? मराठी लोकपरंपरेत ते शाहिरांना साधले. कलगी आणि तुरा हे शाहिरीतील दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला, मायेला, प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला, पुरुषाला. एकाने भेदिक रचनेतून अध्यात्माचे किंवा पुराणाचे कोडे घालावयाचे, दुसऱ्याने तत्काळ रचून त्याचा उलगडा करावयाचा आणि उलटा सवाल टाकावयाचा, अशा झुंजी रात्र रात्र चालत. तत्त्वज्ञानाच्या बरोबरीने प्रतिपक्षाच्या ज्ञानाची, गळ्याची आणि गुरूची हेटाळणी मुक्तपणे होई. मध्य भारतातील याच परंपरेच्या शाखेत अशी आख्यायिका आहे की तुकनगीर हा हिंदू साधू आणि शाह अली हा मुसलमान फकीर यांच्या झुंजीवर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली. आख्यायिकेचा इतिहास म्हणून भरवसा धरता येत नाही, पण तिचा आशय बोलका आहे. राजाने निवाडा दिलाच नाही. दोघांनाही शिरोभूषणच दिले.

या झुंजीचे मर्म पक्षाच्या स्वरूपात आहे. शाहीर कलगीचा असतो तो शक्ती श्रेष्ठ असे विचारांती ठरवून नव्हे. त्याचा गुरू कलगीचा असतो म्हणून. उद्या त्याला शिवाची थोरवी मनोमन पटली तरी फडावर तो शक्तीचाच कैवार घेणार. मत अशा रीतीने भूमिकेत ठेवलेले असल्यामुळे त्यावर झालेला घाव माणसापर्यंत पोहोचत नाही. जो मतालाच आपले अंग समजतो त्याला परक्याशी वाद घालणे महाग पडते. येथे दुसरेही एक बंधन आहे. सवाल करणाऱ्याला सवालाचे उत्तर स्वतः ठाऊक असले पाहिजे, नाहीतर तोच उघडा पडतो. नुसत्या वितंडेला त्यामुळे थारा मिळत नाही. आणि पडताळा घेणारा श्रोता हा दर वर्षी तेच सवाल ऐकून कान तयार झालेला असतो. चरकाच्या शब्दांत ती जाणत्यांची सभा असते. पेशवाईच्या उत्तरकाळी नावारूपाला आलेल्या शाहिरांत सगनभाऊ हे मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्यांची आणि होनाजीची चुरस परंपरेने सांगितली जाते, आणि ती सांगताना कोण कोणत्या धर्माचा याची चर्चा सहसा होत नाही. कोणाची लावणी सरस, याचीच होते.

औरंगाबादच्या मुशायऱ्यांतही असेच एक बंधन होते, थोडे अधिक अदबीचे. तरही मुशायऱ्यात सर्वांना एकच ओळ दिली जाते. तिचेच वृत्त, तिचाच काफिया आणि रदीफ सांभाळून प्रत्येकाने गझल रचून आणावयाची. परगावचा अनोळखी कवीही त्या एका ओळीमुळे इतरांच्या बरोबरीला येतो आणि त्याच्यावर घेतलेला आक्षेप काफियापुरता राहतो. कधीकधी झुंज समोरासमोर न होताही चाले. दिल्लीच्या मीर तकी मीरने 1752 च्या सुमारास लिहिलेल्या कविचरित्रसंग्रहात रेख्त्याचा उगम दक्षिणेतला हे मान्य करूनही दक्षिणी कवींना खालचे स्थान दिले. पुढे दहा वर्षांच्या आत-बाहेर औरंगाबादच्या लछमीनारायण शफीकने ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ सिद्ध केला आणि त्यात दक्षिणेच्या कवींना सन्मानाने जागा दिली. शफीक तेव्हा वयाच्या विशीतही पोहोचला नव्हता.

कोकणात कलगी-तुऱ्याची परंपरा शक्ती-तुरा या नावाने जिवंत आहे. रत्नागिरीच्या बाजूची मंडळे गणेशोत्सवात आणि एरवीही समोरासमोर उभी राहतात, आणि मुंबईला नोकरीनिमित्त गेलेल्या चाकरमान्यांसाठी तेथील नाट्यगृहांतही हे सामने लागतात. गण होतो, गौळण होते, आणि मग दोन शाहीर एकमेकांवर तुटून पडतात. ऐकणाऱ्यांना दोघांचेही गुरुघराणे ठाऊक असते.